ओढ्यात चढणारे मासे: गळ कुठे टाकायचा, कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा. महाडकडचं एक कुटुंब नोकरीनिमित्त अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडला राहायला आलंय. एप्रिलच्या सुरुवातीला रॉकी रिव्हरच्या उथळ पाण्यात हात हात लांबीचे मासे प्रवाहाविरुद्ध चढताना त्यांनी पाहिले. गावाकडे पहिल्या पावसात वलगण, म्हणजे ओढ्यात चढणारे मासे, धरायला जाळं आणि टोपली घेऊन धावायची सवय, त्यामुळे हात शिवशिवले. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन जायचंय. काय लागतं, कधी जायचं, मासा खाता येतो का, आणि ओढ्याकाठी साप, अस्वल असतात असं शेजारी म्हणतात ते कितपत खरं, असं त्यांनी विचारलंय.

तुम्ही पाहिलेले मासे बहुतेक स्टीलहेड असणार. रेनबो ट्राउटचीच ही जात, पण ओढ्यात जन्मून मोठ्या पाण्यात जाऊन वाढते आणि अंडी घालायला पुन्हा ओढ्यात येते. मूळची पॅसिफिक किनाऱ्याची. ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांमध्ये १८७० च्या दशकापासून माणसानं ती आणून सोडली. ओहायोच्या बाजूला आजही सगळी भिस्त मत्स्यबीज केंद्रावर आहे. मिशिगनमधल्या लिटल मॅनिस्टी नदीवरून अंडी आणतात, कास्टेलियाच्या सरकारी केंद्रात पिल्लं वर्षभर वाढवतात आणि वीतभर झाली की वसंतात रॉकी, शग्रिन, ग्रँड, व्हर्मिलियन अशा नद्यांत सोडून देतात. दरवर्षी ४ लाखांच्या वर. ही पिल्लं त्यातल्याच ईरी सरोवरात जातात, दोन-तीन उन्हाळे तिथे खाऊन-पिऊन साधारण २५ इंचांची आणि ५-६ पौंडांची होतात, आणि परततात. काही मासे ऑक्टोबरपासूनच नदीत शिरतात. पण मॅनिस्टीच्या वाणाचा मोठा लोंढा हिवाळा सरता सरता येतो. म्हणून मार्च ते मध्य एप्रिल हा इथला खरा हंगाम. रॉकी रिव्हरच्या पूर्वेकडच्या फाट्यावर हिंकली नावाचं गाव आहे. तिथे गिधाडं १५ मार्चला परत येतात म्हणून १९५७ पासून लोक उत्सव करतात. आम्ही गळवाले तोच मुहूर्त धरतो.

आता मुख्य गोष्ट, जी मी नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगतो: चढणारा मासा धरा, अंडी घालणाऱ्याला हात लावू नका. हे दोन्ही एकाच ओढ्यात, कधी कधी वीस पावलांच्या अंतरात असतात. फरक ओळखायला शिकलात की बाकीचं सगळं सोपं आहे.

अंडी घालायची जागा अशी दिसते. डोह संपतो आणि पाणी उथळ होऊन खळाळायला लागतं, तिथे सुपारीपासून लिंबाएवढ्या गोट्यांचा थर असतो. हिवाळाभर त्या गोट्यांवर तपकिरी शेवाळ चढलेलं असतं. त्यात एखादा तीन-चार फुटांचा पट्टा एकदम स्वच्छ, फिकट दिसला, मधोमध जरा खोल आणि खालच्या बाजूला ढिगारा, तर ते मादीनं खणलेलं घरटं समजा. काठावर उकिडवे बसा, पाणी न ढवळता पाहा. मादी घरट्यावर प्रवाहाकडे तोंड करून स्थिर असते. मध्येच ती कुशीवर वळते आणि धोब्यानं दगडावर कपडा आपटावा तशी शेपटी पाच-सहा वेळा जोरानं आपटते. पांढरं पोट चमकतं, गोटे उडून खाली वाहतात, आणि ती पुन्हा जागेवर येते. तिच्या मागे एक मोठा नर, कुशीवर लाल पट्टा, खालचा जबडा आकड्यासारखा वळलेला. त्याच्या मागे दोन-तीन छोटे नर संधीची वाट पाहत असतात, मोठा नर त्यांना हुसकावत राहतो. हे दृश्य मुलाला जरूर दाखवा. ध्रुवीकृत काचेचा गॉगल असेल तर पाण्याची चमक कापली जाते आणि सगळं स्पष्ट दिसतं. पण तिथे गळ टाकू नका.

यावर इथले काही जुने गळवालेही वाद घालतात. त्यांचं म्हणणं, रॉकीसारख्या नद्यांत ही अंडी तशीही फुकट जातात. एका अर्थानं खरं आहे. नदीचा तळ पाटीच्या दगडाचा, सावली कमी, जुलै-ऑगस्टमध्ये पाणी २५ अंशांच्या वर जातं आणि ट्राउटची कोवळी पिल्लं त्यात तगत नाहीत. मग अंडी तुडवली तर काय बिघडलं? मला हा युक्तिवाद पटत नाही, आणि त्याला ठोस कारणं आहेत. पॅसिफिकच्या सॅमनसारखा स्टीलहेड अंडी घालून मरत नाही. तो सरोवरात परत जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येऊ शकतो. हिवाळाभर चरबी जाळून, अंगावर जखमा घेऊन, अंडी घालून दमलेल्या माशाला दहा मिनिटं ओढत झुंजवलं तर त्याचं परत जाणं अवघड होतं. दुसरं, घरट्यावरचा मासा खायच्या मनःस्थितीत नसतो. त्याच्यावरून पुन्हा पुन्हा गळ ओढला की तो तोंडात न अडकता माशाच्या परात, पोटात, शेपटीत अडकतो. असा मासा ठेवणं बेकायदा आहे, आणि मुद्दाम तसा अडकवणं तर गुन्हाच. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: ते गोटे एकट्या स्टीलहेडचे नाहीत.

एप्रिलच्या मध्यावर त्याच खळाळात सकर मासे येतात. मातकट रंग, तोंड खालच्या बाजूला, ओठ जाड. पुष्कळ लोक त्यांना टाकाऊ म्हणतात. पण सकर इथला मूळचा रहिवासी आहे, स्टीलहेड पाहुणा. पाणी दहा अंशांच्या आसपास आलं की एका मादीच्या दोन्ही बाजूंना दोन नर चिकटतात, तिघं थरथरतात आणि अंडी गोट्यांवर विखुरली जातात. घरटं नाही, राखण नाही. ती अंडी चिकट असतात आणि साधारण दोन आठवडे तिथेच गोट्यांच्या फटीत राहतात. अख्खा ओढा त्यावर जगतो: स्टीलहेड, छोटे मासे, पाण्यातले किडे, बदकं. इथल्या दुकानांत फिकट पिवळ्या लोकरीचा एक गळ मिळतो, त्याचं नावच सकरची अंडी. तो का चालतो ते आता कळलं असेल. उथळ खडीतून चालणारा प्रत्येक बूट ही अंडी चिरडतो. म्हणून ओढा ओलांडायचा असेल तेव्हा मोठे दगड किंवा सपाट पाटीचा तळ पाहून ओलांडा, बारीक खडीतून नाही. आपल्याकडे कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामागचं एक मोठं कारणही अंडी घालण्याचा काळ हेच आहे. तुम्हाला हे पटवायला फार बोलावं लागणार नाही.

मग गळ कुठे? घरट्याच्या खालच्या अंगाला, पुढचा डोह सुरू होतो तिथे. वरून वाहून येणारी अंडी टिपायला तिथे ताजे, खाणारे मासे उभे असतात. किंवा डोहाच्या मधोमध, गुडघ्यापासून कमरेएवढ्या खोलीत, जिथे जलद आणि संथ पाण्याची सीमा फेसाच्या रेषेनं दिसते. मासा चढताना थांबत थांबत येतो आणि अशाच जागी दम घेतो. आमिष तळापासून वीतभर वर, पाण्याच्याच वेगानं वाहत गेलं पाहिजे. दोरी ताणली गेली, आमिष पाण्याच्या पुढे किंवा मागे पळालं, की मासा ढुंकून पाहत नाही. नवख्यांचे नव्वद टक्के प्रयत्न इथेच वाया जातात, आमिषात चूक नसते.

सामान फार लागत नाही. नऊ-दहा फुटांची लवचीक काठी, साधं फिरकीचं रीळ, सहा-आठ पौंड ताण सोसणारी तंगूस (गळाची नायलॉनची दोरी), छोटा तरंगता बूच, चिमुकली शिशाची मणी. आमिष म्हणून जाळीच्या तुकड्यात बांधलेली माशाची अंडी किंवा छोट्या रंगीत जिगला (वजनदार डोक्याच्या गळाला) दोन-तीन अळ्या. गांडूळही चालतं, विशेषतः पाणी गढूळ असताना. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका. मासा सोडताना त्याला इजा होत नाही, आणि मुलाच्या बोटात घुसला तर निघतोही सहज.

कधी जायचं हे कॅलेंडरपेक्षा पाणी सांगतं. पाऊस किंवा बर्फ वितळलं की नदी चढते, मासे त्या लोंढ्यावर स्वार होऊन आत येतात, पण गढूळ पाण्यात गळ दिसत नाही. पाणी उतरायला लागून हिरवट झालं, की तो दिवस. माझी कसोटी साधी आहे: गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर बुटाचं टोक अंधुक दिसलं पाहिजे. अजिबात दिसत नसेल तर घरी जा, लख्ख दिसत असेल तर मासे तुम्हालाही लख्ख पाहतायत. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचं प्रवाहमापक यंत्र बेरियाजवळ रॉकीवर आहे, त्याचे आकडे घरबसल्या दिसतात. सेकंदाला २०० ते ४०० घनफूट पाणी असलं की मी निघतो. रॉकी मोठ्या पावसानंतर तीन-चार दिवसांत निवळते. ग्रँडच्या खोऱ्यात चिकणमाती जास्त, तिला आठवडाही लागतो.

कायद्याचं आधी वाचा, मग काठी विकत घ्या. वलगणीची रीत इथे चालणार नाही: हातानं, टोपलीनं, जाळ्यानं, काठीनं मारून स्टीलहेड धरता येत नाही, गळच हवा. सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला ओहायोचा परवाना लागतो. मुलाला नको, पण त्याची काठी तुम्ही हातात घेणार, म्हणजे तुम्हाला हवा. १ सप्टेंबर ते १५ मे या काळात माणशी दिवसाला दोनच स्टीलहेड, आणि किमान १२ इंचांचे. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना धक्का देते. ओहायोत ओढ्याचा तळही खासगी मालकीचा असू शकतो. वाहतं पाणी सगळ्यांचं, पण त्यात पाय टेकवणं म्हणजे कुणाच्या तरी जमिनीत शिरणं. रॉकी रिव्हरचा मोठा भाग क्लीव्हलँड मेट्रोपार्क्स या सार्वजनिक उद्यानांच्या हद्दीत आहे, तिथे हा प्रश्न येत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करा. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात एल्क किंवा वॉलनट क्रीकला जाल तर त्या राज्याचा परवाना वेगळा, शिवाय ट्राउटचा आणि ईरी सरोवराचा परवानाही.

आता जनावरांचं. वसंतात तुम्हीच एकटे माशांच्या वासानं ओढ्याकडे येता असं नाही.

सगळ्यात जास्त ज्यांच्याशी गाठ पडेल ते कॅनडा गूज. लोक अस्वलाला भितात, पण एप्रिलमध्ये माणसाच्या अंगावर खरोखर धावून येतो तो हा पक्षी. मादी काठावरच्या गवतात किंवा नदीतल्या बेटावर अंड्यांवर बसलेली असते आणि नर वीस-तीस पावलांवर पहारा देतो. मान खाली, पसरलेले पंख, फिस्कारणं, ही ताकीद. पाठ फिरवून पळू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका, मुलाला आपल्या मागे घ्या आणि वाट बदला. घरटं आणि अंड्यांना १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचं संरक्षण आहे.

साप दिसतील, नक्की दिसतील. ऊन पडलं की पाटीच्या दगडांवर तपकिरी, आडव्या पट्ट्यांचे जाडजूड साप वेटोळं करून पडलेले असतात. तो नॉर्दर्न वॉटर स्नेक. आपल्या दिवडासारखा पाण्यातला, बिनविषारी, आणि पकडला तर तितकाच तापट. लोक त्याला कॉटनमाउथ समजून दगड घालतात. तो विषारी साप ओहायोत आढळतच नाही. एकदा दुपारी असा एक साप छोट्या सकरला डोक्याकडून धरून उथळ पाण्यातून मागे मागे सरकत काठावर आणताना मी अगदी जवळून पाहिला. मासा त्याच्या डोक्याच्या तिप्पट रुंद. पाण्याबाहेर आल्यावर त्यानं घाई केली नाही. माशाची धडपड थांबेपर्यंत तसाच धरून राहिला, मग जबडा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पुढे सरकवत गेला. शेवटी शेपटीचं टोक तेवढं बाहेर. मी चार हातांवर होतो, त्यानं माझी दखलही घेतली नाही. अंतर ठेवा, हात लावू नका, एवढंच पुरे. चावला तर विष नसतं, पण त्याच्या लाळेमुळे रक्त बराच वेळ वाहतं.

मोठा निळसर राखी बगळा, ग्रेट ब्लू हेरॉन, प्रत्येक डोहाच्या शेवटी उभा दिसेल. तो उभा असतो तिथे बहुतेक वेळा मासे असतात. काठाच्या मुळांतून काळसर तपकिरी, मुंगसाच्या बांध्याचा प्राणी सुळकन गेला तर तो मिंक. दगडावर ठेवलेला मासा तो तुमच्या डोळ्यांदेखत ओढून नेतो. पाणमांजरं ओहायोतून पूर्ण नाहीशी झाली होती. १९८६ ते १९९३ मध्ये आर्कान्सा आणि लुइझियानातून १२३ आणून सोडली, त्यातली काही ग्रँड नदीत. आता त्यांचा वावर पुन्हा पसरलाय. गरुडाचं त्याहून मोठं आहे. १९७९ मध्ये साऱ्या ओहायोत बाल्ड ईगलची फक्त ४ घरटी उरली होती. २०२० च्या मोजणीत ७०७ सापडली. मार्च-एप्रिलमध्ये त्यांची पिल्लं अंड्यात किंवा नुकतीच बाहेर आलेली असतात, म्हणून घरट्याच्या झाडापासून शंभर मीटर तरी लांब राहा. या सगळ्या पक्ष्यांना तुमच्याकडून असलेला सगळ्यात मोठा धोका म्हणजे तुटलेली तंगूस. फांदीला अडकलेला हातभर तुकडाही बगळ्याचा पाय कापतो. खिशात एक डबी ठेवा, स्वतःची आणि दुसऱ्याचीही तंगूस त्यात गोळा करा. मुलाला हे काम द्या, मुलं ते मनापासून करतात.

मे उजाडला की स्नॅपिंग टर्टल काठावर यायला लागतात. ताटाएवढं कासव रस्त्यात दिसलं तर त्याला शेपटीनं उचलू नका, त्याच्या मणक्याला इजा होते, आणि त्याची मान तुम्हाला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ मागे पोचते. मेच्या शेवटी गवतात हरणाचं पाडस एकटं निपचित पडलेलं दिसेल. ते अनाथ नसतं. आई चरायला गेलेली असते. उचलू नका.

अस्वलाचं विचारलंत. ईशान्य ओहायोत काळी अस्वलं आहेत, पण मोजकीच. राज्याच्या यादीत ती धोक्यात आलेली जात आहे. मे-जूनमध्ये तरुण नर पेनसिल्व्हेनियाकडून भटकत येतात, कधी उपनगरातही दिसतात. दिसलं तर पळू नका, खणखणीत आवाजात बोला, हात वर करून मोठे दिसा, त्याला निघून जायला वाट ठेवा आणि मागे सरका.

मला स्वतःला काळजी वाटते ती गोचिडीची. काळ्या पायांची गोचीड लाइम रोग पसरवते, आणि थंडी सरताच, मार्चपासूनच, ती गवताच्या पात्यांवर टपून असते. नदीत नव्हे, नदीकडे जाणाऱ्या पायवाटेवर ती चढते. पँट मोज्यात खोचा, कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारा, वाटेच्या मधून चाला. घरी आल्यावर मुलाचे काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागे, कानांमागे, केसांत नीट पाहा. चिकटलेली असेल तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडीपेटी, नेलपॉलिश असले उपाय नकोत. नंतर काही आठवड्यांत गोल लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

पाण्याचं भय मात्र सगळ्यांहून मोठं. मार्चमध्ये रॉकीचं पाणी चार-पाच अंशांचं असतं. तळाची पाटी शेवाळानं निसरडी. छातीपर्यंतचे रबरी वेडर्स (पाण्यात उतरायची बुटांसकटची पँट) घातलेत तर कमरेला पट्टा घट्ट आवळा, नाहीतर पडल्यावर आत पाणी भरतं. हातात काठी असू दे. मुलाला या हंगामात पाण्यात उतरवूच नका. लाइफ जॅकेट घालून, काठावरून, सपाट जागी. नदीच्या मुखाजवळ सरोवराच्या पातळीचं संथ पाणी आहे, तिथे बुचाला नजर लावून बसायला त्याला मजा येईल.

मासा लागला की सोडायचा असेल तर रबरी जाळीत घ्या, हात ओले करा, मासा पाण्यातच ठेवून गळ काढा. फोटो हवा तर एक श्वास रोखून धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात गेला पाहिजे. मग डोकं प्रवाहाकडे करून शेपटीशी धरा, तो स्वतः सुटेपर्यंत. त्याच्या कुशीवर नाण्याएवढा गोल व्रण दिसला तर तो सी लॅम्प्रेचा. तोंडानं चिकटून रक्त पिणारा हा जीव कालव्यांवाटे वरच्या ग्रेट लेक्समध्ये शिरला. मेच्या सुरुवातीला वीतभर चंदेरी मासे गळाला लागायला लागतात. ती नुकती सोडलेली पिल्लं, त्यांना लगेच जाऊ द्या.

खायचं म्हणाल तर स्पष्ट सांगतो: अंडी घातलेला, काळवंडलेला स्टीलहेड खाण्यात काही राम नाही. मांस फिकं आणि मऊ पडलेलं असतं. चंदेरी, घट्ट अंगाचा, नुकता सरोवरातून आलेला एखादा ठेवा, आणि आधी ओहायोच्या आरोग्य खात्याचा त्या माशाबद्दलचा सल्ला पाहा, लहान मूल खाणार आहे म्हणून तर नक्कीच. खरोखर ताटासाठी मासा हवा असेल तर त्याच महिन्यांत दोनेक तासांवर मॉमी नदीत वॉलआय चढतात. तो मासा पांढऱ्या, गोडसर मांसाचा, आपल्या तिखट-मीठ-हळदीच्या तळणीला उत्तम. जाताना बर्फाची पेटी न्या, मासा घरी येऊन साफ करा, आणि आतडी ओढ्याकाठी टाकू नका. रॅकून आणि कुत्री तिथे गोळा होतात, आणि गळ गिळलेल्या माशाचं पोट गळासकट बगळ्याच्या गळ्यात जातं.